हुकलेली वीस मिनिटं : ‘मालविकाग्निमित्र’ दोनदा पाहणाऱ्या एका गटाचं प्रकरण

“काहीच समजून नाही राहिलं ना!”

मार्चअखेरचा रविवार, रात्रीचे आठ. नागपुरातल्या लक्ष्मीनगरच्या बाजूच्या एका छोट्या सभागृहाच्या पायऱ्यांवर नऊ जणांनी हे वाक्य आपापल्या परीनं म्हटलं आणि गाड्या काढून घर गाठलं. आत कालिदासाचं ‘मालविकाग्निमित्र’ संस्कृतात चालू होतं आणि तिसऱ्या अंकानंतरचं मध्यंतर झालं होतं. सोळा जणांच्या गटातले सातच परत आत गेले. पुढे आषाढाच्या पहिल्या आठवड्यात, कालिदास दिनाच्या निमित्तानं, त्याच हौशी संस्थेनं त्याच सभागृहात तोच प्रयोग पुन्हा लावला. या वेळी गटातले तेरा जण आले आणि तेराही भरतवाक्यापर्यंत बसले. संहिता तीच होती, नटही तेच होते, फक्त एक दासी बदलली होती. मधल्या तीन महिन्यांत गटातलं कोणी संस्कृत शिकलेलं नव्हतं.

छोट्या सभागृहांत अभिजात नाटकांना जाणाऱ्या गटांच्या बाबतीत ज्या गोष्टी वारंवार दिसतात, त्या इथे एकाच गटाच्या रूपात मांडल्या आहेत. म्हणून कोणाचंही नाव दिलेलं नाही. नाटकाविषयीचे तपशील मात्र संहितेतलेच आहेत.

गट आणि जागा

गट मानेवाडा-बेसाकडच्या एका सोसायटीतला. नऊ जण पंचावन्नच्या पुढचे, चार जण मधल्या वयाचे आणि तीन मुलं नववी-दहावीची, शाळेत पूर्ण संस्कृत घेतलेली. ज्येष्ठांमध्ये संस्कृतच्या एक निवृत्त बाई होत्या. नाटक सुचवलं त्यांनीच आणि कारणही साधं होतं : मालविका ही विदर्भाची राजकन्या. रामगिरी म्हणजे आपलं रामटेक हे म. म. वा. वि. मिराशींचं मत नागपुरात बहुतेकांना ऐकून माहीत असतं, पण कालिदासाच्या एका अख्ख्या नाटकाची नायिका वैदर्भी आहे हे सोळापैकी बाराजणांना नवीन होतं.

सभागृह सपाट जमिनीचं. सोळा खुर्च्यांच्या चौदा रांगा, मधून एक वाट. रंगमंच साडेतीन फूट उंच, तोंडाशी सव्वीस फूट रुंद, अठरा फूट खोल. छतावर पत्रा आणि त्याखाली खोटं छत. डाव्या भिंतीच्या दोन दारांत दोन मोठे वाळ्याचे कूलर. रेशीमबागेतल्या सुरेश भट सभागृहात सुमारे २००० माणसं बसतात; त्या मानानं ही खोलीच म्हणायची.

पण संस्कृत नाटकाला खोलीच बरी. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात माणसांच्या वापरासाठी जो नाट्यमंडप सांगितला आहे तो ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद. हात म्हणजे साधारण दीड फूट धरला तर ९६ फूट बाय ४८ फूट, आणि त्यातला अर्धा भाग रंगमंच व नेपथ्य यांचा. प्रेक्षकांना उरतो तो ४८ फुटांचा चौकोन. मंडप याहून मोठा झाला तर शब्द फाटतात आणि चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत, हे कारणही तिथेच दिलेलं आहे. म्हणजे आपण ‘छोटं’ म्हणतो ते सभागृह या नाटकांना मापाचं कपडं आहे. फक्त त्यात कुठे बसायचं आणि कधी पोहोचायचं हे कळायला हवं.

पहिलं निदान चुकलं

मध्यंतरात निघून गेलेल्या नऊही जणांनी एकच कारण दिलं : संस्कृत. त्यामुळे उपायही त्याच अंगानं सुचले. मराठी भाषांतराच्या प्रती वाटा, पडद्याच्या कडेला मराठी ओळी दाखवा, नाहीतर बाईंना मधे बसवून कानात अर्थ सांगायला लावा. शेवटचा उपाय पहिल्या प्रयोगात होऊनही गेला होता. त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

मात्र शेवटपर्यंत कोण बसलं हे पाहिलं की भाषेचं कारण टिकत नाही. तीन विद्यार्थ्यांपैकी दोघं निघून गेले, आणि परीक्षेत शंभरपैकी शंभर पाडण्याची तयारी असलेली हीच मुलं होती. उलट संस्कृतचा ‘सं’ही न शिकलेले, पण आयुष्यभर कीर्तन ऐकलेले एक आजोबा शेवटपर्यंत बसले. विभक्त्या पाठ असणं आणि बोललेलं वाक्य त्याच्या गतीनं कानात पकडणं या दोन वेगळ्या सवयी आहेत. शाळा पहिली देते, दुसरी देत नाही.

मग टिकलेल्या सातजणांत सारखं काय होतं? त्यातले चार जण स्कूटरनं वेगळे आले होते आणि साडेसहाला खुर्चीत होते. बाकीचे बारा जण तीन कारमधून एकत्र निघाले आणि सहा पंचावन्नला आत शिरले. वेळेवर आलेल्या चौघांपैकी एकही उठला नाही. उशिरा आलेल्या बारांपैकी नऊ उठले.

उशीर निष्काळजीपणानं झाला असंही नाही. नागपुरात साडेसहाचा कार्यक्रम म्हटलं की दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक आणि दोन भाषणं धरून पडदा सातला उघडणार, असा सगळ्यांचा हिशोब असतो आणि बहुतेक वेळा तो बरोबरही येतो. त्या दिवशी संस्थेनं सत्कार शेवटी ठेवले होते. तिसरी घंटा सहा पस्तीसला वाजली.

त्या वीस मिनिटांत काय होतं

इथे थोडं थांबून नाटकाचीच बांधणी पाहायला हवी, कारण हा सगळा पेच तिच्यात आहे.

नांदी आणि सूत्रधाराची प्रस्तावना यांत तीन-चार मिनिटं जातात. लगेच विष्कंभक, म्हणजे आधी घडलेलं सांगणारा छोटा प्रवेश, सुरू होतो. बकुलावलिका ही दासी मालविकेच्या नृत्यशिक्षणाची चौकशी करायला निघालेली आहे आणि वाटेत तिला कौमुदिका भेटते. कौमुदिका सोनाराकडून आणलेली राणी धारिणीची अंगठी निरखण्यात गुंग आहे. अंगठीवर नागाची मुद्रा आहे. मग दोघींच्या गप्पांत कळतं की राजा अग्निमित्रानं चित्रशाळेत राणीच्या चित्रात तिच्याजवळ उभी असलेली एक नवी मुलगी पाहिली आणि नाव विचारलं. राणी गप्प बसली, पण लहानग्या राजकन्या वसुलक्ष्मीनं पटकन सांगून टाकलं, “ही मालविका.” पुढे नृत्याचार्य गणदास येतो. त्याच्याशी बोलताना मालविका कुठून आली तेही निघतं : राणीचा भाऊ वीरसेन सीमेवरच्या किल्ल्यावर आहे, त्यानं तिला बहिणीकडे भेट म्हणून धाडलं. यानंतर राजा मंत्र्यासह येतो आणि विदर्भाचा राजा यज्ञसेन याचं पत्र वाचलं जातं. त्याचा चुलतभाऊ माधवसेन कैदेत आहे आणि पकडापकडीत त्याची बहीण बेपत्ता झाली आहे, हे त्या पत्रात आहे.

अंगठी, चित्र आणि पत्र असे तीन धागे पहिल्या वीस मिनिटांत सुटतात. चौथ्या अंकात मालविका आणि बकुलावलिका तळघरात कोंडलेल्या असतात आणि माझी नागमुद्रा पाहिल्याशिवाय त्यांना सोडायचं नाही, अशी राणीची पहारेकरणीला ताकीद असते. विदूषक गौतम केतकीच्या काट्यानं बोट ओरखडून साप चावल्याचा कांगावा करतो. विषवैद्याकडून निरोप येतो की नागाचं चित्र असलेली काहीतरी वस्तू हवी, आणि राणी स्वतःच्या हातानं अंगठी काढून देते. अंगठी पहिल्या अंकात पाहिलेल्याला हे सगळं दोन पावलं आधीच उमगतं आणि तो विदूषकाच्या आरडाओरड्यावर मनसोक्त हसतो. न पाहिलेल्याला एक माणूस विव्हळतोय आणि एक बाई दागिना देतेय एवढंच दिसतं. पत्राचा धागा तर थेट पाचव्या अंकात गाठ मारतो : बेपत्ता बहीण म्हणजेच मालविका.

उशिरा आलेला गट आत शिरला तेव्हा मंचावर गणदास आणि हरदत्त हे दोन नृत्याचार्य श्रेष्ठ कोण यावरून भांडत होते. भांडण रंगलेलं होतं, पण हे कोण, कशासाठी आणि ही मुलगी कोणाची यातलं काहीच हातात नव्हतं. कोणत्याही भाषेतलं नाटक असं मधूनच लागलं तर कळत नाही. मराठी असतं तर ‘आपण उशिरा आलो’ म्हटलं असतं. संस्कृत असल्यामुळे दोष भाषेवर गेला.

सांध्यांवरची बडबड

दुसरी गोची अंकांच्या मधे झाली. या सभागृहात अंकबदलाला पाऊण-एक मिनिट काळोख होतो. काळोख झाला की गट बोलायला लागायचा : “ही कोन होती?” “थोरली का धाकटी?” पण संस्कृत नाटकात नवा अंक बऱ्याचदा प्रवेशकानं सुरू होतो. म्हणजे दासी, माळीण, कुबडा सेवक अशी खालच्या दर्जाची दोन माणसं येऊन मंचाच्या एका कोपऱ्यात प्राकृतात, म्हणजे त्या काळच्या बोलभाषेत, बोलतात, आणि अंकांच्या मधल्या काळात जे घडलं ते सांगून जातात. तिसऱ्या अंकाआधी बागेतल्या दोन दासींच्या बोलण्यात फुलायचा राहिलेल्या अशोकाची आणि त्याच्या डोहाळ्यांची (सुंदर स्त्रीच्या लाथेनं अशोक फुलतो, हा कविसंकेत) बातमी असते. पाचव्याआधी माळीण आणि कुबडा सारसक यांच्या बोलण्यात विदर्भावरच्या विजयाची.

म्हणजे कथेतली जी माहिती सगळ्यात जास्त लागते ती सगळ्यात कमी रुबाबाच्या पात्रांकडे, मंचाच्या कडेला, मंद प्रकाशात आणि प्रेक्षक सैलावलेले असताना दिलेली असते. कालिदासाच्या प्रेक्षकाला ही रीत ठाऊक होती. आपल्याला ‘मुख्य पात्रं आली की बघू’ अशी सवय आहे. पहिल्या प्रयोगात दोन्ही प्रवेशक गटाच्या कुजबुजीत बुडाले.

बाईंचं कानातलं भाषांतरही इथेच अडलं. सांगणारा नेहमी दोन वाक्यं मागे असतो. तो बोलत असताना पुढची दोन वाक्यं वाहून जातात आणि ती त्याची स्वतःचीही जातात. बाई पाचजणांना सांगत होत्या, म्हणजे एकच अर्थ डावीकडे आणि उजवीकडे दोनदा. पुढच्या रांगेतल्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं. बाई स्वतः शेवटपर्यंत बसल्या खऱ्या, पण नाटक त्यांनीही पाहिलं नाही. शेजारी एकजण मोबाइलवर कथानक शोधत होता. अंधारात त्या उजेडाचा त्रास मागच्या रांगांना होतो आणि शोधणाऱ्याच्या डोळ्यांना मंचावरचा मंद प्रकाश पुन्हा सरावायला वेळ लागतो.

कूलर, तबला आणि पाय

गट एकत्र बसायचा म्हणून अकराव्या रांगेत, डावीकडे बसला. त्याच भिंतीला कूलर होते. मार्चअखेरीस ते बंद ठेवा असं नागपुरात कोणी म्हणणार नाही, पण कूलरच्या पंख्याची घरघर नेमकी ‘स’, ‘श’, ‘त’, ‘क’ या बारीक व्यंजनांवर बसते. स्वर ऐकू येतात, व्यंजनं गळतात. ओळखीच्या भाषेत मेंदू गाळलेल्या जागा भरून घेतो, संस्कृतात तो भरू शकत नाही. त्यातून राजाचे श्लोक खड्या आवाजात येत होते, म्हणून पोहोचत होते. राण्या, दासी आणि विदूषक हे गद्य प्राकृतात, बोलीच्या लयीत बोलत होते, तेच सगळं हरवलं. ‘बायकांचं काहीच कळलं नाही’ अशी जी तक्रार आली तिचं कारण निम्मं तरी कूलर होतं.

दुसऱ्या अंकात मालविका चार ओळींच्या गीतावर नाचते. तबलेवाला मंचाच्या डाव्या कडेला, त्याच्यासमोर वेगळा माइक, आणि डावा स्पीकर गटाच्या दिशेला. गीताचे शब्द तबल्याखाली गेले.

नजरेचंही तसंच. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून पावणेचार ते चार फुटांवर असतात. मंच साडेतीन फुटांचा म्हणजे पहिल्या रांगेत डोळे मंचाच्या जरा वर येतात. पाय दिसतात, पण कोण पुढे आणि कोण मागे याचा अंदाज येत नाही. सपाट सभागृहात सहाव्या-सातव्या रांगेपासून पुढची डोकी आड येतात आणि मंचावर खाली बसलेलं पात्र कमरेपासून नाहीसं होतं. एरवी याचं फारसं बिघडत नाही. या नाटकात बिघडतं, कारण निम्मा खेळ पायांवर आहे. दुसऱ्या अंकात नृत्य आहे. तिसऱ्यात बकुलावलिका मालविकेच्या पायाला अळता लावते, नूपुर चढवते आणि मग मालविका अशोकाला लाथ मारते. धारिणीचा पाय झोपाळ्यावरून पडून दुखावलेला असतो म्हणून हे काम मालविकेकडे येतं. अकराव्या रांगेतून ही सगळी मंडळी गुडघ्यावरच संपत होती.

भरीला दोन्ही राण्या हिरव्या नऊवारीत. धारिणी तिसऱ्या अंकात येतच नाही, धाकटी राणी इरावती येते. गटातल्या निम्म्या लोकांनी तिला धारिणी समजून तिचं चिडणं पाहिलं. वेशभूषेची ही चूक संस्थेची, आणि ती स्पष्ट सांगितली की हौशी संस्था सुधारतात.

दुसऱ्या खेपेची तयारी

जुलैच्या प्रयोगाआधी दहा दिवस गटातल्या दोघांनी दिग्दर्शकाला गाठलं आणि तीन गोष्टी विचारल्या. कोणते भाग कापले आहेत? कोणत्या पात्राचा वेश कोणत्या रंगाचा? प्राकृत संवाद प्राकृतातच ठेवलेत की त्यांची संस्कृत छाया, म्हणजे संस्कृत रूपांतर, बोलली जाते? पहिल्या प्रश्नाचं उत्तर फार उपयोगी निघालं. मूळ पाच अंक न कापता केले तर तीन तासांच्या आत बसत नाहीत. या संस्थेनं ते दोन तास दहा मिनिटांत आणले होते. विदर्भाच्या पत्राचा प्रवेश दोन वाक्यांवर आला होता. म्हणजे वेळेवर आलेल्यांच्याही हातून तो धागा निसटण्याजोगा होता, तेव्हा घरून बांधून नेणं भाग होतं. रंगांचा प्रश्न विचारल्याचा परिणाम असा की इरावतीला लाल नेसवायचं ठरलं. प्राकृत तसंच ठेवलं होतं.

आदल्या शनिवारी सोसायटीच्या खोलीत सव्वा तासाची बैठक झाली. भाषांतर वाटलं नाही. बाईंनी पंचवीस मिनिटांत गोष्ट सांगितली, शेवटासकट. ‘शेवट सांगितला तर मजा काय’ अशी कुरकुर झाली. पण या नाटकांत पुढे काय होणार यापेक्षा कसं होणार याकडे लक्ष असतं, आणि पौराणिक कथा आपण शेवट ठाऊक असूनच ऐकतो. मग अकरा नावांचा एक कागद, अक्षरं मोठी : राजा, दोन राण्या, मालविका, बकुलावलिका, इरावतीची दासी निपुणिका, संन्यासिनी कौशिकी, गौतम, दोन नृत्याचार्य आणि वसुलक्ष्मी. नावासमोर नातं आणि साडीचा किंवा उपरण्याचा रंग. कागद घरी पाठ करायचा होता, सभागृहात न्यायचा नव्हता.

बैठकीतला सगळ्यात कामाचा भाग तिसऱ्या अंकाचा होता. त्यात मंचावर एकाच वेळी तीन घोळके असतात. मधे मालविका आणि बकुलावलिका, एका बाजूला वेलीआड राजा आणि विदूषक, दुसरीकडे लपलेल्या इरावती आणि निपुणिका. राजाला मालविका दिसते, इरावतीला हळूहळू सगळंच दिसतं, मालविकेला कोणीच दिसत नाही. सव्वीस फुटांच्या मंचावर हे घोळके एकमेकांपासून सात-आठ फुटांवर उभे असतात, मधे ना भिंत ना झाड. मंचाचे असे मनानं पाडलेले भाग म्हणजे कक्ष्याविभाग. बैठकीत सहा खुर्च्या दोन-दोन करून मांडल्या, सहा जणांना बसवलं आणि ‘कोणाला कोण दिसतं’ एवढंच तीनदा विचारलं. दहा मिनिटं लागली. मुलांना हे चटकन जमलं.

त्याच ओघात तीन खुणा दाखवल्या. अनामिका दुमडून बाकीची बोटं सरळ ठेवलेला हात तोंडाच्या कडेला आडवा धरला की ते जनान्तिक : दोघांतलं बोलणं, तिसऱ्याला ऐकू येत नाही असं मानायचं. मान वळवून एकालाच सांगितलेलं गुपित ते अपवारित. आणि पात्रानं मंचावर गोल फेरी मारली की जागा बदलली. राजवाड्यातून बागेत जायला एक परिक्रमा पुरते.

शब्द शिकवले ते हाक मारण्याचे, कारण नात्यागोत्याच्या हाका मराठी कानाला लगेच पकडता येतात. दासी राणीला ‘भट्टिणी’ म्हणतात. मैत्रिणी एकमेकींना ‘हला’ म्हणतात. राजा विदूषकाला ‘वयस्य’ म्हणतो. ‘भगवती’ म्हटलं की समोर परिव्राजिका कौशिकी असते. ती बाई असूनही संस्कृत बोलते आणि त्यावरूनच तिचा मान कळतो. कोण कोणाला कसं हाक मारतं एवढं पकडलं तरी प्रवेशातली अर्धी नाती उलगडतात. प्राकृताची भीती मालविकेच्या गीताच्या सुरुवातीनंच गेली : ‘दुल्लहो पिओ’. दुल्लहो म्हणजे दुर्लभ, पिओ म्हणजे प्रिय. पुढे ‘हिअअ’ येतं, म्हणजे हृदय. ‘अम्हे’ म्हणजे आम्ही, हे तर सांगावंही लागलं नाही. एक काकू म्हणाल्या, “हे तर संस्कृतापेक्षा सोपं आहे!” प्राकृत आपल्या भाषेची आजी आहे, तेव्हा त्यांचं म्हणणं काही फार चूक नव्हतं.

जागा, वेळ, चहा

या वेळी गट एकत्र बसला नाही. कमी ऐकू येणारे तिघे तिसऱ्या रांगेत, उजवीकडे, म्हणजे तबला आणि कूलर या दोहोंच्या विरुद्ध बाजूला. बाकीचे चौथ्या-पाचव्या रांगेत मधल्या वाटेला लागून, कारण वाटेच्या कडेला निदान एका अंगानं डोकं आड येत नाही. जागा क्रमांकित नव्हत्या, तेव्हा सहा वाजता पोहोचणं हाच एक उपाय. मानेवाड्याकडून रिंग रोडनं रविवारी संध्याकाळी अर्धा तास, वर गाडी लावायला दहा मिनिटं. म्हणून निघायचं सव्वापाचला.

आवाजाची चाचणी आदल्या दिवशी तालमीच्या वेळी करून घेतली. एकानं मंचावरून नेहमीच्या आवाजात सुटे शब्द म्हणायचे, दुसऱ्यानं पाचव्या आणि मग अकराव्या रांगेत बसून ऐकू आले तसे लिहायचे. एकदा कूलर सुरू, एकदा बंद. ही वही सभागृहाच्या व्यवस्थापकापुढे ठेवली तेव्हा त्यांनी कूलर अंक चालू असताना बंद आणि मध्यंतरात पूर्ण वेगात ठेवायचं मान्य केलं. जुलैत हे शक्य होतं. मार्च-एप्रिलच्या प्रयोगात एवढ्या माणसांना पंख्यावर बसवता येत नाही. तेव्हा कूलर निम्म्या वेगात ठेवून बसायची बाजू बदलणं एवढंच हातात असतं.

चहाचा हिशोब मार्चमध्ये कोणी केला नव्हता. एकच टेबल, एक माणूस, दहा सेकंदांना एक कप धरला तरी दहा मिनिटांत साठ कप. बाहेर दीडशे माणसं. तेव्हा चौथ्या अंकाचे पहिले संवाद रांगेत उभं राहून हुकले, आणि आलूबोंड्याच्या पुड्या आत आल्या त्या वेगळ्या. जुलैत गटानं थर्मास नेला आणि व्हरांड्यातच चहा उरकला. आत खाणं नाही हे तिघा मुलांकडून आधीच कबूल करून घेतलं होतं.

तरीही काय बिघडलं

पाऊस आला. पाचव्या अंकाच्या ऐन ओळखीच्या प्रसंगात पत्र्यावर सर कोसळली आणि खोट्या छताला न जुमानता आवाज खाली आला. नटांनी आवाज चढवला. कौशिकीचं काम करणारीनं चढवला नाही, ती थांबली आणि सर ओसरल्यावर पुढे बोलली. हौशी नटीकडून अशी समज क्वचित दिसते. पण मधली पाच-सहा मिनिटं गेलीच. पावसाळ्यात सभागृह निवडताना वर स्लॅब आहे की पत्रा हे भाडं विचारण्याआधी पाहावं.

पाचवा अंक मुळातच बोलका आहे. नजराणा म्हणून विदर्भातून आलेल्या दोन मुली मालविकेला ओळखतात, कौशिकी आपली हकीगत सांगते, राजाचा बाप पुष्यमित्र याचं अश्वमेधाबद्दलचं पत्र वाचलं जातं, राजाचा मुलगा वसुमित्र यानं सिंधूकाठी यवनांना हरवल्याची बातमी येते. घडतं कमी, सांगितलं जातं फार. नववीतला मुलगा इथे झोपला. शनिवारच्या बैठकीत चौथ्या अंकाला बारा मिनिटं आणि पाचव्याला तीन मिनिटं दिली होती, त्याचा हा परिणाम; उलट करायला हवं होतं. चौथा अंक अंगठी ठाऊक असली की स्वतःच्या पायावर उभा राहतो.

राजा शेवटी विदर्भाचे दोन भाग करून यज्ञसेन आणि माधवसेन यांना देतो आणि सीमा ठरवतो वरदा नदी. ‘वरदा’ हा शब्द आला तेव्हा पाचव्या रांगेतून दोन आवाज एकदम उमटले, “वर्धा!” पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी या वेळीही मागे वळून पाहिलं, पण हसले.

गटानं पुढच्या थंडीसाठी भासाची एकांकी निवडली आहे, ‘ऊरुभंग’. प्रयोग तासाभराच्या आतबाहेरचा, मध्यंतर नाही, म्हणून थर्मासही नको. कथा महाभारतातली, तेव्हा नावांचा कागदही लागणार नाही. बैठकीतला वेळ सगळा एकाच गोष्टीला द्यायचं ठरलं आहे : मांड्या फुटलेला दुर्योधन प्रयोगातला बराच वेळ मंचावर जमिनीलगतच असतो. सपाट सभागृहात तो दिसायचा तर पहिल्या दोन रांगा हव्यात, आणि त्यासाठी पावणेसहाला दाराशी.